वाटीतलं मीठ

चिनी वनौषधीच्या अर्काने जठराच्या कर्करोगाच्या पेशी मेल्या, अशी बातमी अधूनमधून येते आणि घरोघरच्या मोबाइलवर फिरते. ही बातमी बहुधा खोटी नसते. ह्वांगल्येन नावाच्या चिनी मुळीत बर्बेरिन असतं, आपल्या दारुहळदीतही असतं, आणि त्याने पेशी खरोखर मरतात. पण कुठे मरतात? प्रयोगशाळेतल्या प्लास्टिकच्या बशीत. आज मला एवढंच सांगायचं आहे, आणि ते मी पुन्हापुन्हा सांगणार आहे.

वाटीभर आमटीत चमचाभर मीठ पडलं तर ती तोंडात धरवत नाही. तेवढंच मीठ पंगतीच्या हंड्यात पडलं तर कुणाला पत्ताही लागत नाही. बशीतल्या पेशींवर अर्क थेट ओततात, हवा तेवढा. (तसं पाहिलं तर बशीत नुसतं मिठाचं दाट पाणी ओतलं तरी पेशी मरतात, म्हणून मीठ काही कर्करोगावरचं औषध ठरत नाही.) गिळलेलं बर्बेरिन मात्र एक टक्काही धडपणे रक्तात पोचत नाही. कुणी म्हणेल, जठराचाच रोग ना, मग औषध थेट तिथेच पडतं की! पण गाठ नुसती वरच्या अस्तरावर बसत नाही. ती भिंतीत खोल शिरते, यकृतात आणि पोटाच्या पडद्यावर पसरते. तिथे औषधाला रक्तातूनच जावं लागतं, म्हणजे पुन्हा हंडा आलाच.

आणि वाटी तरी आपलीच होती का? 2015 साली चिनी संशोधकांनीच आपल्या देशातल्या प्रयोगशाळांमधल्या पेशींची जनुकीय ओळख पटवून पाहिली. एसजीसी-7901 आणि बीजीसी-823 ही पेशींची वाणं जठराच्या कर्करोगाची म्हणून शेकडो शोधनिबंधांत वापरलेली. ती निघाली हेला पेशी. म्हणजे 1951 मध्ये बाल्टिमोरच्या हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या पेशींची संतती! शेजारणीची आमटी चाखून आपल्या आमटीला नावं ठेवावीत, किंवा वाहवा करावी, तसाच हा प्रकार. हा दोष चिनी वैद्यकाचा नाही, पारख न करणाऱ्यांचा आहे. आणि तो चिन्यांनीच उघड केला, हेही सांगायला हवं.

यावर लगेच थू योयो यांचं नाव पुढे येईल. मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनसाठी त्यांना 2015 चं नोबेल मिळालं, आणि वाट जुन्या चिनी ग्रंथानेच दाखवली होती. अगदी मान्य. पण ते औषध ठरलं रुग्णांवरच्या चाचण्यांनी. कर्करोगातलं उदाहरण तर आपल्या जवळचं आहे. नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी आणि मनरो वॉल यांनी अमेरिकेत चिनी ‘आनंदवृक्षा’तून कॅम्प्टोथेसिन वेगळं काढलं, 1966 साली. पेशी मारण्यात ते पटाईत होतं. रुग्णांना दिलं तेव्हा मूत्राशयातून रक्तस्राव झाला आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. मग त्याच्या रेणूत बदल करून इरिनोटेकान घडवलं गेलं. अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली 1996 मध्ये. ते आज जठराच्या कर्करोगातही वापरतात. बशीपासून रुग्णापर्यंत तीस वर्षं! तेव्हा बशीतला निकाल ही सुरुवात असते, श्रोतेहो. सुरुवातच.

जाता जाता काढा घेणाऱ्यांसाठी इतकंच सांगतो की इरिनोटेकानसारख्या औषधांची विल्हेवाट यकृतच लावतं, आणि काही वनस्पती त्याच्या या कामात ढवळाढवळ करतात. म्हणून घरात कुणाची केमोथेरपी चालू असेल आणि सोबत एखादा काढाही चालू असेल, मग तो चिनी असो की आपला, तर तो डॉक्टरांपासून लपवू नका. बाटली सोबत न्या आणि दाखवा.