जीपला पेट्रोल कुठलं?
(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला होता ‘निवृत्तीनंतरचे दिवस’. तो मी बदलून घेतला. सकाळी आपण सरांना ज्या जीपमधून शाळेच्या फाटकापासून इथपर्यंत आणलं, तिच्याभोवती चहाच्या वेळी गर्दी झाली होती. निदान वीस जणांनी एकच विचारलं, "हिला पेट्रोल कुठलं घालतोस?" प्रत्येकाला मी "सांगतो नंतर" म्हणालो. ते नंतर आता आलं. शिवाय याच निमित्तानं मला एक चूक सगळ्यांसमोर कबूल करायची आहे.

आपण नगरची पोरं. शाळेत येता-जाता लष्कराच्या गाड्या बघत मोठे झालो. शक्तिमान ट्रक गेला की रस्त्याच्या कडेला उभं राहून सलाम ठोकायचा, आणि जोंगा आणि जीप यांतला फरक लांबून ओळखायचा, यावर मधल्या सुट्टीत पैजा लागायच्या. तेव्हापासून डोक्यात होतं, एक दिवस आपली स्वतःची जीप असेल. तो दिवस यायला साठी उलटावी लागली. नोकरी संपली, हातात थोडे पैसे आले आणि मी १९४४ सालची विलीज जीप घेतली.

दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून अशा सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. युद्ध संपल्यावर त्यातल्या बऱ्याच आपल्याकडे लिलावात निघाल्या. माझी जीप अशाच कुणाकुणाच्या हातांतून फिरत आली. डाव्या बाजूला स्टीअरिंग, आणि पेट्रोलची टाकी थेट ड्रायव्हरच्या सीटखाली. पेट्रोल भरायचं तर गादी उचलावी लागते. ही टाकीची जागा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गाडी आणली त्या दिवशी पहिला फोन केला तो आपल्या वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मित्राला. नाव घेत नाही. तो तिसऱ्या रांगेत बसलाय आणि आत्ताच हातानं "नको नको" म्हणतोय. दहावीनंतर तो गॅरेजमध्ये शिकायला गेला हे तुम्हाला माहीत आहे. त्यानं बॉनेट उघडलं आणि म्हणाला, "नशीबवान आहेस, मूळचं इंजिन आहे." आपल्याकडे डिझेल स्वस्त होतं तेव्हा जुन्या जीपांमध्ये सर्रास डिझेल इंजिनं बसवली गेली. म्हणून कुणाला जुनी जीप घ्यायची असेल, तर पेट्रोल कुठलं हे विचारायच्या आधी बॉनेट उघडा आणि आत नेमकं काय आहे ते बघा.

मग तो म्हणाला, "आधी सगळं रबर बदल. नळ्या, पंपाचा डायफ्रॅम, कार्ब्युरेटरची पॅकिंगं. मग फिरायला जा." त्यावर मी काय म्हणालो, ते आज सांगताना लाज वाटते. मी म्हणालो, "अरे, मी इंजिनिअर आहे. नळ्या चांगल्या दिसताहेत की." तो हसला आणि निघून गेला.

आता माझं इंजिनिअरपण ऐका. सत्तर-ऐंशी वर्षांची म्हातारी गाडी, तेव्हा तिला उत्तमातलं उत्तम खायला घालायचं, असं मी ठरवलं. पुण्याला जाऊन १०० ऑक्टेनचं पेट्रोल भरलं. साध्या पेट्रोलच्या जवळजवळ दीडपट भाव. गाडी जशी आधी चालत होती तशीच चालली. मित्राला सांगितलं तर म्हणाला, "इंजिनिअरसाहेब, या इंजिनाचं कॉम्प्रेशन किती?"

मी पुस्तक काढलं. ६.४८ ला १. आजच्या मोटारीत हा आकडा १० च्या पुढे असतो. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. पिस्टननं दाबल्यावर स्वतःहून पेटून न उठण्याची पेट्रोलची सहनशक्ती म्हणजे ऑक्टेन. जीपचं इंजिन पेट्रोलला दाबतंच कमी, त्यामुळे ७० च्या आसपासच्या ऑक्टेनवरही ते समाधानी असतं. आपल्या पंपावरचं साधं पेट्रोल ९१ च्या खाली नाही. म्हणजे जे साधं म्हणून मी नाकारलं होतं, तेच तिच्या गरजेपेक्षा भारी होतं. मित्र म्हणाला, "सहनशक्तीचे पैसे कशाला देतोस? इथे सहन करायला काही नाहीच."

मग मी साध्या पेट्रोलवर आलो आणि वाटलं, प्रश्न मिटला. नळ्यांचं मात्र तसंच राहिलं.

आता गेल्या दिवाळीची गोष्ट. या मेळाव्याची तयारी चालू होती. सरांना जीपमधून आणायचं असं ठरलं होतं, म्हणून एकदा त्यांना बसवून चक्कर मारावी, चढता-उतरताना त्रास होतो का ते बघावं, असा बेत. सर माझ्या शेजारी बसले. मागे माझी सहा वर्षांची नात. गॅरेजवरून जाताना मित्राला दाखवायला म्हणून गाडी थांबवली, इंजिन चालूच. तो जवळ आला, एकदा श्वास घेतला आणि ओरडला, "बंद कर! आधी सरांना आणि पोरीला उतरव!"

त्यानं बॉनेट उघडलं. पंपाकडे जाणारी नळी, जी मला चांगली दिसत होती, ती बाहेरून ओली झाली होती. बोटानं दाबली तर चिखलासारखी मऊ. थेंब थेंब पेट्रोल पडत होतं, आणि तिथून वीतभर अंतरावर तापलेला एक्झॉस्ट. वर सीटखाली भरलेली टाकी, आणि त्या सीटवर मी. त्या दिवशी काही झालं नाही. का झालं नाही, याला माझ्याकडे उत्तर नाही. रात्रभर मला झोप लागली नाही एवढंच सांगतो.

दुसऱ्या दिवशी सरांनी निरोप पाठवला, त्या गाडीतलं पेट्रोल बाटलीत घेऊन या. सर तेव्हा ८६ वर्षांचे. अंगणात, चुलीपासून लांब, त्यांनी काचेची मोजनळी मांडली. आधी १० मिली पाणी ओतलं. वर ५० मिली पेट्रोल. बूच लावून हळू हलवलं आणि ठेवून दिलं. पेट्रोल वर, पाणी खाली, मधे रेघ. पण ती रेघ आता १० वर नव्हती, जवळजवळ २० वर चढली होती. सरांनी आठवीतल्यासारखंच विचारलं, "पाणी कुठून वाढलं?"

मी गप्प. मित्र म्हणाला, "सर, पेट्रोलमधलं अल्कोहोल पाण्यात उतरलं." सर म्हणाले, "शाबास." पंचेचाळीस वर्षांनी त्याला मिळालेली ती शाबासकी मी डोळ्यांनी पाहिली.

५० मधलं १०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. आता देशातल्या बहुतेक पंपांवर असंच पेट्रोल मिळतं. उसाच्या पट्ट्यातली आपण माणसं, इथेनॉल कुठून येतं हे वेगळं सांगायला नको. ते वाईट नाही. नव्या गाड्या त्यासाठीच बनवलेल्या असतात. पण १९४४ च्या कारागिरांच्या डोळ्यांसमोर ते नव्हतं. जुन्या रबराला ते फुगवतं आणि मऊ करतं. टाकीत वर्षानुवर्षं चिकटलेली घाण सोडवून कार्ब्युरेटरपर्यंत आणतं. हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि पाणी फार झालं की अल्कोहोल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाला बसतात, पत्रा गंजतो. त्यात स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरचं मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन तापतं. शिवाय लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी.

मी सरांना विचारलं, मग असं पाण्यानं धुऊनच पेट्रोल घालू का? सर म्हणाले, "प्रयोगशाळेत केलेली गोष्ट घरी पिंपभर करायची नसते." ते खरंच आहे. धुतलेल्या पेट्रोलमध्ये पाण्याचा अंश राहतो, आणि घरात पेट्रोलची पिंपं हा वेगळाच धोका.

मग आम्ही काय केलं, ते सांगतो. टाकी उतरवून आतून साफ केली. सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घातल्या, पंपाचा डायफ्रॅम आणि पॅकिंगंही तशीच. नवा फिल्टर. कार्ब्युरेटरचा मुख्य जेट किंचित मोठा केला. सीटजवळ आग विझवण्याचा छोटा सिलिंडर. आता पेट्रोल साधंच, पण खप असलेल्या पंपावरचं ताजं, आणि दर आठवड्याला गाडी फिरवायची. पावसाळ्यात महिनोन् महिने उभी ठेवायची असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करायचे, किंवा इथेनॉल नसलेलं पेट्रोल घालून ठेवायचं. महागड्या पेट्रोलचा उपयोग झालाच तर तिथे, आणि तेही मोजनळीत तपासूनच.

आणखी दोन प्रश्न चहाच्या वेळी आले होते. पहिला शिशाचा. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. शिसं व्हॉल्व्हच्या बैठकीला उशीसारखं जपायचं, मग जुन्या इंजिनाचं काय? आम्ही हेड उघडलं तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका कठीण धातूच्या, वेगळ्या बसवलेल्या निघाल्या. रमतगमत चालवणाऱ्याला चिंता नाही.

दुसरा रॉकेलचा. "मिलिटरीची गाडी काहीही पचवते, थोडं रॉकेल घाल." अमेरिकी सैन्यानं पुढे डिझेल, रॉकेल, वेळेला पेट्रोलही चालेल अशी इंजिनं ट्रकना बसवली, हे खरं. पण ती इंजिनं त्यासाठीच घडवलेली होती. जीपचं नाही. रॉकेलनं इंजिन ठोके देतं आणि ऑइल पातळ होतं.

आता कबुली. सगळ्यात भारी ते सगळ्यात चांगलं, हा हिशेब मी पेट्रोलला लावला आणि मित्रांनाही लावत आलो. ज्याच्या हाताला पन्नास वर्षांचा वास आहे, त्याचं मी ऐकलं नाही, कारण त्याच्या नावापुढे पदवी नव्हती. सर आणि माझी नात त्या दिवशी सुखरूप उतरली, ती त्याच्या नाकामुळे. गड्या, सगळ्यांसमोर माफी मागतो. तू त्या दिवशी काही बोलला नाहीस. आजही बोलणार नाहीस, माहीत आहे मला.

सर, संध्याकाळी तुम्हाला घरी सोडायला जीप तयार आहे. नळ्या सकाळी त्यानं स्वतः तपासल्या आहेत. गाडीही तोच चालवणार आहे, मी मागे बसणार आहे.