विद्यापीठ आणि शहराचा रस्ता

रस्ता बांधणें हें बांधकामखात्याचें काम, बस चालविणें हें नगरपालिकेचें काम आणि या दोघांवर टीका करणें हें नागरिकांचें काम, अशी कामाची वांटणी आपल्याकडे पुष्कळ वर्षें रूढ होती. तींत विद्यापीठाला कोठेंच जागा नव्हती. स्थापत्यशास्त्राचा विद्यार्थी पूल कसा उभारावा हें शिके. परंतु त्या पुलावरून रोज कोण जातें, डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईला त्याखालचा रस्ता ओलांडतां येतो कीं नाहीं, हा प्रश्न त्याच्या परीक्षेंत येत नसे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत हें चित्र पालटूं लागलें आहे. शहरें आणि विद्यापीठें यांच्यांत भागीदारी होऊं लागली असून तिचा हेतु ‘शाश्वत वाहतूक’ या नांवानें सांगितला जातो. शाश्वत हा शब्द आपण आजवर आत्म्यासाठीं राखून ठेविला होता. तो बसगाडीला लावलेला पाहून एखाद्या वेदान्ती गृहस्थास हसूं येईल. पण अर्थ साधा आहे. आपण प्रवास करतों तो अशा रीतीनें करावा कीं, आपल्या नातवंडांसाठींही स्वच्छ हवा, इंधन आणि रस्त्यावरची जागा शिल्लक राहावी.

अमेरिकेंत अशा भागीदारीला कायद्याचा आधार मिळाला. १९८७ सालीं तेथील काँग्रेसनें विद्यापीठांतून वाहतूक-संशोधनाचीं केंद्रें काढण्याची योजना मंजूर केली, आणि देशाच्या दहा विभागांत एकेक याप्रमाणें दहा केंद्रें निघालीं. मध्यवर्ती सरकारच्या पैशाला जोड म्हणून केंद्रानें इतर ठिकाणांहूनही रक्कम उभी करावी, अशी अट घातली होती. त्यामुळें प्राध्यापकाला राज्याच्या रस्तेखात्याचा उंबरठा झिजवावा लागला; आणि खात्यानें एकदां पैसे दिले म्हणजे अहवाल वाचणेंही त्याला भाग पडलें. हा दुसरा लाभ लहान समजूं नये. आपल्याकडे २००६ सालीं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण जाहीर झालें आणि रस्त्याच्या जागेची वांटणी वाहनांकडे पाहून नव्हे, तर माणसांकडे पाहून व्हावी, असें त्यांत स्पष्ट म्हटलें. पुढें या धोरणाला अनुसरून दिल्ली व मद्रास येथील आय. आय. टी., वरंगळची राष्ट्रीय तंत्रसंस्था आणि अहमदाबादचें सेप्ट विद्यापीठ या चार ठिकाणीं नागरी वाहतुकीचीं अभ्यासकेंद्रें स्थापन झालीं.

माणसांकडे पाहून वांटणी करणें हें बोलण्यास सोपें आहे. पण मोजावयाचें काय, येथेंच अडचण सुरू होते. रूढ पद्धत वाहनें मोजण्याची. रस्त्याच्या कडेला माणूस बसवावयाचा, त्यानें कागदावर रेघा ओढावयाच्या, आणि मग साऱ्या वाहनांचें रूपांतर मोटारींत करावयाचें. एक बस म्हणजे सुमारें तीन मोटारी. एक सायकल म्हणजे अर्धी मोटार किंवा त्याहूनही कमी. पायीं चालणारा मनुष्य या हिशेबांत येतच नाहीं. आतां समजा, सिग्नलचा हिरवा दिवा लागला आणि चौकांतून ६० मोटारी व २ बसगाड्या पार झाल्या. मोटारींत सरासरी दीड माणूस धरला तर ९० माणसें झालीं; बसमध्यें ६०-६० धरलीं तर १२०. जुन्या हिशेबानें बसगाड्यांचा वांटा ६६ मध्यें ६. माणसांच्या हिशेबानें तोच २१० मध्यें १२०. रस्ता तोच, चौक तोच. परंतु कोणाला किती जागा द्यावी याचें उत्तर उलटें येतें.

हा वाद केवळ वर्गांतला नाहीं, हें दिल्लीनें दाखवून दिलें. तेथील आय. आय. टी. मध्यें वाहतूक-संशोधन व अपघात-प्रतिबंध यांसाठीं एक स्वतंत्र विभाग आहे. कै. दिनेश मोहन आणि गीतम तिवारी हीं त्यांतील दोन प्रमुख नांवें. दिनेश मोहन २०२१ सालीं निवर्तले. अपघातांत मनुष्याच्या शरीरास इजा कशी होते, येथून त्यांचा अभ्यास सुरू झाला होता, आणि म्हणूनच त्यांची दृष्टि गाडीवरून माणसावर लवकर गेली असावी. या विभागाच्या आराखड्यावरून आंबेडकरनगर ते मूलचंद असा सुमारें ६ किलोमीटरांचा रस्ता तयार झाला. मधोमध बसचा स्वतंत्र पट्टा, कडेला सायकलींसाठीं व पादचाऱ्यांसाठीं वेगळी वाट. २००८ सालीं तो सुरू होतांच मोटारवाल्यांचा संताप उसळला. आपली गाडी सिग्नलला खोळंबली असतां शेजारचा पट्टा रिकामा दिसणें ही गोष्ट मनुष्यस्वभावाला सहन होत नाहीं. त्या पट्ट्यावरून मिनिटापूर्वीं शंभर माणसें निघून गेलीं, हें खोळंबलेल्याला कोठें दिसतें?

प्रकरण उच्च न्यायालयांत गेलें. त्याच शहरांतील मध्यवर्ती रस्ते संशोधन संस्थेनें २०१२ सालीं अहवाल दिला कीं, या रस्त्यावर स्वतंत्र पट्टा नसणेंच बरें. एकाच रस्त्याविषयीं दोन शास्त्रीय संस्थांनीं दोन उलट निर्णय द्यावेत याचें सामान्य माणसास नवल वाटेल. पण वाहनांचा खोळंबा आणि माणसांचा प्रवास हे दोन निराळे प्रश्न आहेत हें ध्यानांत घेतलें म्हणजे तें नवल उरत नाहीं. न्यायालयानें त्याच वर्षीं पट्ट्याविरुद्धची याचिका फेटाळली. तरी २०१५ सालीं दिल्ली सरकारनें तो काढावयाचें ठरविलें आणि २०१६ सालीं तो उखडला गेला. विद्यापीठानें आराखडा दिला होता. पण चौकांत शिस्त राखणें, बसगाड्या पुरेशा आणणें, रोजच्या तक्रारी ऐकून दुरुस्ती करणें, यांपैकीं एकही गोष्ट त्याच्या हातीं नव्हती. दोष मात्र त्याच्या पदरीं बांधला गेला.

अहमदाबादेंत याच सुमारास निराळ्या रीतीनें काम झालें. तेथें महानगरपालिकेची भागीदार होती सेप्ट ही संस्था. १९६२ सालीं वास्तुकलेची शाळा म्हणून ती निघाली आणि २००५ सालीं विद्यापीठ झाली. पहिला टप्पा सुमारें साडेबारा किलोमीटरांचा, पिराणा ते आर. टी. ओ. असा, तो निवडतांना अत्यंत चिंचोळे व गजबजलेले रस्ते टाळून रुंद वळणरस्ता मुख्यतः घेतला गेला. ‘जनमार्ग’ असें नांव ठेवून ऑक्टोबर २००९ मध्यें तो सुरू झाला. त्यापूर्वीं कांहीं काळ विनामूल्य फेऱ्या काढून लोकांना बस दाखविली होती. स्थानक रस्त्याच्या मध्यभागीं, तिकीट चढण्यापूर्वीं, फलाट बसच्या पायरीशीं समपातळीवर. म्हाताऱ्या माणसाला पाय उंच उचलावा लागूं नये, येथपर्यंत विचार केलेला. दिल्लीच्या पट्ट्यावर कोणतीही बस येऊं शके. येथें गाड्याही त्या मार्गासाठीं वेगळ्या आणि त्या चालविणारी कंपनीही वेगळी. मुख्य म्हणजे विद्यापीठाचीं माणसें उद्‌घाटनानंतर निघून गेलीं नाहींत.

पण या यशाची दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. त्याच विद्यापीठांतील नियोजनाच्या प्राध्यापिका दर्शिनी महादेविया आणि त्यांचे सहकारी यांनीं जनमार्गाची पाहणी केली आणि लिहिलें कीं, शहरांतील अत्यंत गरीब माणूस या बसमध्यें फारसा दिसत नाहीं. भाडें त्याला परवडत नाहीं. सायकलींच्या वाटा तुटक झाल्या व त्यांवर गाड्या उभ्या राहूं लागल्या, हेंही अभ्यासकांनीं नोंदविलें. एका इमारतींत बसून आराखडा करावयाचा आणि शेजारच्या इमारतींत बसून त्याचे दोष काढावयाचे, ही गोष्ट खासगी सल्लागार-कंपनीकडून कधीं घडणार नाहीं. कंपनीनें गिऱ्हाइकाचें उणें छापलें तर दुसरें काम तिला कोण देईल? शहराला नकाशा काढून हवा असेल तर तो बाजारांत विकत मिळतो. आपल्याच बसमध्यें कोण चढत नाहीं, हें सांगणारा मनुष्य मात्र तेथें मिळत नाहीं.

म्हणून करार करतांना विद्यापीठानें फीच्या रकमेपेक्षां एका कलमाकडे अधिक लक्ष द्यावें, असें माझें मत आहे: आंकडे आणि निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचा आपला हक्क कोणत्याही परिस्थितींत अबाधित राहील. या कलमावर पुष्कळ अधिकारी नाक मुरडतील, हें मी जाणून आहें. बडोद्यास २०१८ सालीं रेल्वे मंत्रालयानें वाहतुकीच्या शिक्षणासाठीं एक संस्था काढली, आणि २०२२ सालीं गतिशक्ति विश्वविद्यालय या नांवानें तिला केंद्रीय विद्यापीठाचें स्वरूप मिळालें. अशा संस्थेची देशाला गरज होतीच. परंतु ज्या मंत्रालयाच्या छत्राखालीं ती आहे त्याच्याच रेल्वेगाड्यांविषयीं तिचे विद्यार्थी आपल्या प्रबंधांत काय लिहितात, हें मी कुतूहलानें पाहणार आहें.

आतां थोडें आपल्या पुण्याविषयीं. बसच्या स्वतंत्र पट्ट्याचा देशांतील पहिला प्रयोग पुण्यानेंच डिसेंबर २००६ मध्यें कात्रज–स्वारगेट–हडपसर या मार्गावर केला, आणि त्यावरील वाद शहराला अजून पुरून उरला आहे. वाद घालणारे पुष्कळ; आंकडे हातांत असलेले थोडे. वास्तविक पुण्याला विद्येची वाण नाहीं. भोसरीस १९६७ पासून मध्यवर्ती मार्ग परिवहन संस्था आहे. १८५४ सालीं निघालेलें अभियांत्रिकी महाविद्यालय २०२२ पासून स्वतंत्र विद्यापीठ झालें आहे. तेथील विद्यार्थ्यांनीं दर वर्षीं एक ठराविक दिवस स्वारगेटच्या चौकांत पहाटे सहापासून रात्रीं दहापर्यंत पाळीपाळीनें बसावें आणि वाहनें नव्हे, तर माणसें मोजावीं. बसमध्यें किती, मोटारींत किती, दुचाकीवर किती. तो तक्ता महापालिकेला आणि वर्तमानपत्रांना एकाच दिवशीं द्यावा. खर्च म्हणाल तर कागद, पेन्सिली आणि चहा. मोजणीच्या तक्त्यांत पायीं रस्ता ओलांडणाऱ्यांचा रकाना मात्र आठवणीनें आंखावा; छापील नमुन्यांत तो पुष्कळदां नसतो.