चेंडू पडला तिथून

नव्या डॉक्टरांनो,

सायलीला वैद्यकीय महाविद्यालयाच्या पदवीदानात गोल्फवर बोलणार आहे असं घरी सांगितलं, तेव्हा सगळे हसले. मी स्वतः हा खेळ चाळिशीनंतर, पाठ धरली म्हणून सुरू केला आणि आजही वाईटच खेळतो. पण त्यातला एक नियम मला तुमच्या वयात कळला असता तर बरं झालं असतं. चेंडू जिथे पडेल तिथूनच पुढचा फटका मारायचा. वाळूत, उंच गवतात, झाडाच्या बुंध्याशी, कुठेही. आणि फसलेला फटकासुद्धा कार्डावर मांडायचा.

या नियमावर आख्खी कारकीर्द उभी केली ती सेव्हे बायेस्तेरोस या स्पॅनिश खेळाडूनं. जन्म 1957 चा, उत्तर स्पेनमधल्या पेद्रेन्या या खाडीकाठच्या गावातला. गावात गोल्फचं मैदान होतं, पण ते सभासदांचं. गावच्या पोरांनी कॅडी म्हणून त्यांच्या पिशव्या वाहायच्या. सेव्हेकडे भावाकडून मिळालेली एकच जुनी थ्री-आयर्न. ही काठी लांबच्या सरळ फटक्याची. पण दुसरी नव्हतीच, म्हणून तो समुद्रकाठच्या वाळूत त्याच एका काठीनं उंच, बुटके, वळणारे, सगळे फटके शिकला. नियमानं खेळाडूला पिशवीत चौदा काठ्या ठेवता येतात. तुमच्यातले काही जण उद्या अशा आरोग्य केंद्रात जातील, जिथे एक्स-रे मशीन असेल आणि तंत्रज्ञ नसेल. त्यांनी ही थ्री-आयर्न लक्षात ठेवावी.

सोळाव्या वर्षी तो व्यावसायिक झाला. 1976 च्या ब्रिटिश ओपनमध्ये, एकोणिसाव्या वर्षी, दिग्गज जॅक निकलॉसच्या बरोबरीनं दुसरा आला. 1979 मध्ये तीच स्पर्धा जिंकली. शेवटच्या दिवशी सोळाव्या होलवर त्याचा पहिला फटका थेट तात्पुरत्या कार पार्किंगमध्ये गेला आणि चेंडू गाडीखाली सापडला. अशा वेळी नियम दंड न लावता चेंडू बाजूला टाकू देतो. तेवढी सवलत त्यानं घेतली, तिथून चेंडू ग्रीनवर, म्हणजे खळग्याभोवतीच्या हिरवळीवर आणला आणि बर्डी केली, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी. लोक त्याला 'कार पार्किंगवाला विजेता' म्हणून चिडवत राहिले. मला मात्र वाटतं, कुठली सवलत मिळते हे माहीत असणं हा कौशल्याचाच भाग आहे. तुमच्या गरीब पेशंटला कुठल्या योजनेत काय मिळतं, हे तुम्हाला तोंडपाठ हवं.

1980 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतली मास्टर्स स्पर्धा जिंकणारा तो पहिला युरोपीय ठरला. आणि दोनच महिन्यांनी अमेरिकन ओपनच्या दुसऱ्या फेरीला उशिरा पोचला म्हणून स्पर्धेतून बाद! मास्टर्सचा विजेता असला म्हणून काय झालं? वॉर्डातल्या सकाळच्या राउंडला उशिरा येणाऱ्यांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगतो.

त्याचं मला सगळ्यात आवडतं ते एक उत्तर. मास्टर्स जिथे होते त्या ऑगस्टाच्या ग्रीनवर त्याला एकदा चेंडू खळग्यात घालायला चार फटके लागले. पत्रकारांनी विचारलं, हे झालं कसं? तो म्हणाला ते साधारण असं: चुकला, चुकला, चुकला, मग गेला. पेशंट दगावल्यावर होणाऱ्या मॉर्टॅलिटी मीटिंगमध्ये इतकं नेमकं निवेदन मी आजवर ऐकलेलं नाही. तिथे आपण मशीनला, रेफरलला आणि नातेवाइकांना दोष देत तासभर बोलतो.

स्पेन लांब वाटत असेल तर पुण्याचा उदयन माने घ्या. टोकियो ऑलिंपिकच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोनं माघार घेतली, म्हणून ऐन वेळी जागा मिळाली. पहिल्या दिवशी 71 पारच्या, म्हणजे 71 फटक्यांत संपवायच्या मैदानावर त्यानं घेतले 76 फटके. साऱ्या जगासमोर! ते 76 कार्डावर लिहिले गेले, त्यानं सही केली आणि दुसऱ्या दिवशी 69 केले. पदक नाही मिळालं. मला त्या दोन आकड्यांमधली रात्र महत्त्वाची वाटते, कारण हाउसमन म्हणून राबणाऱ्या नव्या डॉक्टरच्या आयुष्यात तशा रात्री पुष्कळ येतात.

आपल्या कामात चेंडू कुठे पडतो, ते सांगतो. इथल्या खानवेलच्या पलीकडच्या पाड्यावरून एखादी बाई रात्री जीपमधून येते. दिवस भरलेले, हिमोग्लोबिन पाच, आधी भगताकडे जाऊन आलेली. आपल्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, "आधी का नाही आणलं?" मी हे वाक्य शेकडो वेळा बोललो आहे आणि त्यानं एकही पेशंट बरा झालेला नाही. नवरा मान खाली घालतो आणि पुढच्या वेळी आणखी उशीर करतो. सिकलसेलची मुलं या पट्ट्यात पुष्कळ भेटतील. तीही अंग ठणकून असह्य झाल्यावरच येतील. त्या बाईसाठी रक्त मागवा, त्या मुलांचं ठणकणं शमवा. आधीचं नंतर विचारा.

आता माझं कार्ड. हाउसमन असताना एका लहान मुलाच्या केस पेपरवर मी औषधाचा डोस लिहिताना दशांशचिन्ह विसरलो. रात्रपाळीच्या सिस्टरनं इंजेक्शन भरण्याआधी पकडलं. मी घाबरून आकडा गिरवून बदलायला लागलो. तिनं माझ्या हातातलं पेन धरलं. "डॉक्टर, गिरवायचं नाही. एक रेघ मारा. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. बाजूला बरोबर डोस, सही, तारीख, वेळ." सगळ्या वॉर्डसमोर मी ती रेघ मारली. कान तापले होते. त्या मुलाला काही झालं नाही, याचं श्रेय पूर्णपणे तिचं.

गोल्फमध्ये तुमचे आकडे सोबतचा खेळाडू लिहितो, पण सही तुमची. 1968 च्या मास्टर्समध्ये रोबेर्तो दे व्हिसेंझो या खेळाडूनं एका होलवर तीन फटके घेतले होते. सोबत्यानं चार लिहिले. यानं न वाचता सही केली. चारच धरले गेले आणि बरोबरीनंतरचा निर्णायक सामना एका फटक्यानं हुकला. त्या दिवशी त्याचा वाढदिवस होता.

थोड्या वेळानं तुमची नावं पुकारतील आणि नोंदवहीत सही घेतील. सही करण्याआधी आडनाव आणि वडिलांचं नाव नीट वाचून घ्या. माझ्या पदवीवर वडिलांच्या नावातला काना राहून गेला होता. तो मिळवायला अकरा महिने आणि चार खेपा लागल्या.