रुतलेला ट्रॅक्टर काढण्यासाठी विंच कोणता घ्यावा?



सोयाबीन काढणीला यावे आणि नेमका परतीचा पाऊस गाठावा, हे लातूर-नांदेडच्या शेतकऱ्याला नवीन नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये तसेच झाले. सप्टेंबर २०२१ मध्ये तर मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि नदीकाठची रानं पाण्याखाली गेली. अशा वेळी माल घरी आणायची घाई असते. वाफसा नसतानाही आपण ट्रॅक्टर रानात घालतो, आणि तो रुततो.

आपली काळी माती पाण्याने फुगते आणि चाकाला धरून ठेवते. चाक जितके फिरवाल तितके ते खोल जाते. मग आपण दुसऱ्या ट्रॅक्टरला बोलावतो आणि साखळी लावून टोचन करतो. साखळी सैल सोडून हिसका दिला की तिच्यावर वजनाच्या कितीतरी पट ताण येतो. ती तुटली तर तुटलेले टोक माणसाचा जीव घेते. यापेक्षा सावकाश, एकसारखा ओढणारा विंच बरा. पण तो पारखून घ्यावा लागतो.

किती ताकदीचा घ्यावा?

आधी वजन धरा. ३५ ते ४५ हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा असतो. मागे रोटाव्हेटर असेल तर चार-पाच क्विंटल वाढवा. आता रुतला किती ते पाहा. चाक मध्यापर्यंत रुतले असेल तर जेवढे वजन तेवढाच जोर लागतो असे धरावे. मडगार्डपर्यंत गेले असेल तर दुप्पट. म्हणजे तोच दोन टनांचा ट्रॅक्टर चार टनांचा होतो. म्हणून विंच वजनाच्या निदान दीडपट ताकदीचा असावा, आणि त्याआधी फावडे चालवावे. चाकापुढची माती उकरून उतार केला, अवजार सोडले, की ओझे निम्म्यावर येते. फावड्याएवढा स्वस्त विंच बाजारात नाही.

उसाची भरलेली ट्रॉली आठ-दहा टनांची होते. ती हातयंत्राने ओढायच्या भानगडीत पडू नका. आधी ऊस उतरवा.

प्रकार कोणते?

बोअरची मोटर काढायची चेन-पुली गावात असतेच. पण ती उभे ओझे उचलण्यासाठी असते, तिची साखळी चार-दोन मीटरच चालते. रानात आडवे ओढायला ती सोयीची नाही.

दुसरा प्रकार जीपला पुढे बसवतात तो बॅटरीवरचा विंच. त्यावर लिहिलेली ताकद ड्रमवर दोराचा पहिलाच थर असताना मिळते. थर वाढला की ताकद घटते. पूर्ण भाराला तो बॅटरीतून चारशेच्या आसपास अँपिअर खेचतो, म्हणून थोडा वेळ चालवून थांबावे लागते. जीपवाल्याला तो ठीक, ट्रॅक्टरवाल्याला महाग पडतो.

तिसरा प्रकार हाताने दांडा मागेपुढे करून चालवायचा. आतले जबडे तारेचा दोर आळीपाळीने धरतात आणि ओढतात. दुकानात याला ‘पुलिंग-लिफ्टिंग मशीन’ म्हणतात, काही ठिकाणी ‘टिरफोर’. यात डिझेल नको, बॅटरी नको. काम हळू होते, पण हिसका बसत नाही. चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून घ्यावे असे हे यंत्र आहे.

१.६ टनी यंत्र घेतले आणि सोबत एक मजबूत कप्पी घेतली, तर दोर कप्पीतून परत आणून ओढ जवळजवळ दुप्पट, म्हणजे तीन टनांच्या आसपास मिळते. वेग मात्र निम्मा होतो. कप्पी, तिचा हूक आणि ती जिथे बांधली ती जागा यांनी दुप्पट ताण सोसला पाहिजे, हे विसरू नका.

घेताना काय पाहावे?

१. यंत्रावर ताकद ठळक कोरलेली असावी. चाचणीचा दाखला मागावा.

२. दोर त्याच यंत्राच्या मापाचा घ्यावा. १.६ टनी यंत्राला साधारण ११ ते १२ मिलिमीटरचा लागतो. जाड-बारीक दोर जबड्यात नीट बसत नाही. तारा तुटलेला, पीळ सुटलेला किंवा गंजलेला दोर घेऊ नये.

३. हुकाला पट्टीचे कुलूप असावे. उघडलेला हूक परत ठोकून वापरू नये.

४. दोराला फास करायचा तर आत थिंबल घाला आणि निदान तीन क्लिपा लावा. क्लिपेची बैठक लांब, ताणाच्या दोरावर यावी, आणि यू-बोल्ट आखूड टोकावर.

५. जास्त भार आला की तुटाव्यात अशा पिना या यंत्रात असतात. पिन तुटली तर कंपनीचीच घाला. खिळा घातला तर पिनेऐवजी दोर तुटेल. दांड्यालाही पाइप जोडून लांबी वाढवू नये.

ओढताना

आला त्याच वाटेने, मागे ओढणे सोपे. दोर खालच्या ड्रॉबारला बांधा, टॉप लिंकला कधीही नाही. यंत्र जिवंत लिंबाच्या किंवा बाभळीच्या बुंध्याला, जमिनीलगत बांधा. मध्ये पोते घाला म्हणजे साल सोलणार नाही. झाड नसेल तर हातभर नव्हे, चांगला मीटरभर खोल चर खणून ओंडका आडवा पुरा आणि त्याला बांधा.

ताणलेल्या दोरावर ओले पोते टाका. दोर तुटलाच तर त्याचा फटका कमी होतो. दोर ओलांडू नये. जितका दोर लांब तितके लांब सगळ्यांनी उभे राहावे. पोरांना रानातून घरी धाडा.

आणि एक गोष्ट अगदी करू नका. मागच्या चाकांना ओंडका बांधून पुढच्या गिअरमध्ये रेस करू नका. चाक फिरायला जागा मिळाली नाही की इंजिनाचा जोर ट्रॅक्टरचे तोंड वर उचलतो. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ट्रॅक्टर मागे उलटतो आणि चालवणारा खाली सापडतो.

बंधूंनो, उद्या काढता येईल असा ट्रॅक्टर आजच काढायच्या हट्टात माणूस गमावू नये. चार दिवस ऊन पडले की काळी माती आपणहून पकड सोडते. तोवर थांबता येत असेल तर थांबा. थांबता येत नसेल तर आधी फावडे, मग विंच.