ज्ञानाच्या घाटावरील जकात

(विज्ञान परिषदा आणि नवोदित संशोधक या विषयावर घाटघर येथे शिक्षक व विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



घाटघर हे जुन्नर तालुक्याच्या पश्चिम कडेवरचे गाव. एका अंगाला जीवधनचा बेलाग कडा, दुसऱ्या अंगाला नाणेघाटाची खिंड आणि तिच्यापलीकडे एकदम खाली उतरलेले कोकण. भातशेती आणि हिरडा यांवर संसार चालवणाऱ्या या गावात विज्ञान परिषदांचा विषय काढणे काहींना विचित्र वाटेल. परिषदा भरायच्या त्या दिल्लीत, बंगळुरात किंवा परदेशातील वातानुकूलित सभागृहांत. त्यांचा सह्याद्रीच्या माथ्याशी संबंध काय, असा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु या विषयाची उकल करण्यासाठी घाटघराइतकी योग्य जागा सापडणे कठीण.

कल्याण आणि सोपारा या बंदरांवर उतरलेला माल दोन हजार वर्षांपूर्वी नाणेघाट चढून जुन्नरला आणि तेथून पुढे पैठणला जात असे. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील शिलालेख आहे. यज्ञप्रसंगी दिलेल्या दक्षिणेचा तपशील त्यात कोरलेला असून तो कोरताना संख्यांसाठी अंकचिन्हे वापरली आहेत. भारतीय अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांमध्ये या लेखाची गणना होते. १८२८ मध्ये विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने या लेण्याची नोंद केली आणि जगभरच्या अभ्यासकांचे लक्ष इकडे वळले. ज्या शून्याधारित दशमान पद्धतीचा भारतीय म्हणून अभिमान बाळगला जातो, तिच्या आधीचा एक टप्पा या गावाच्या शिवेवर दगडात उभा आहे.

त्याच घाटात एक दगडी रांजण आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून घेतलेली जकात त्यात टाकली जाई, असे परंपरेने सांगितले जाते. म्हणजे घाटमाथ्यावर दोन गोष्टी होत्या : थकलेल्या वाटसरूसाठी विसाव्याचे लेणे आणि वसुलीचा रांजण. विज्ञान परिषद हाही एक घाटच आहे. प्रयोगशाळेत एकट्याने केलेले काम तेथे चार जाणकारांसमोर येते, तपासले जाते, दुरुस्त होते आणि पुढच्या प्रदेशात जाते. आज विचारायचा प्रश्न इतकाच, की या घाटावर लेणे मोठे आहे की रांजण?

जकात कोण भरतो?

तालुक्याच्या महाविद्यालयातून शिकून विद्यापीठात संशोधन करणाऱ्या तरुणाची कल्पना करावी. त्याचा निबंध एखाद्या मोठ्या परिषदेने स्वीकारला. घरात आनंद झाला. मग नोंदणी शुल्काचा आकडा कळतो, रेल्वेचे वा विमानाचे भाडे येते, तीन रात्रींच्या निवासाचा खर्च येतो. परदेशातील परिषद असेल तर व्हिसाचे शुल्क आणि त्याची अनिश्चितता वेगळीच. संस्था हा खर्च देते, पण बहुधा नंतर; पावत्या जोडल्यावर आणि सह्या झाल्यावर. ज्याच्या घरी शिल्लक आहे त्याला ही केवळ दिरंगाई वाटते. ज्याच्या घरी शिल्लक नाही, त्याच्यासाठी परिषदेचे दार तेथेच बंद होते. तान्हे मूल असलेल्या संशोधिकेसमोर तर शुल्काच्याही आधी मुलाला कोठे ठेवायचे, हा प्रश्न उभा असतो.

पैशाइतकीच जड जकात भाषेची आहे. विषय पक्का, पण इंग्रजीत उभ्याउभ्या प्रश्नांना उत्तर देण्याचा सराव नाही, म्हणून कित्येक हुशार मुले मागच्या रांगेत गप्प बसतात. तिसरी जकात मानपानाची. उद्घाटन, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांची लांबलेली भाषणे, आणि मग वेळ उरला नाही म्हणून कापली जातात ती नवोदितांची दहा-दहा मिनिटे. ज्याच्याकडे सर्वांत कमी असते, त्याच्याकडूनच सर्वांत जास्त वसूल होते.

भारतीय विज्ञान परिषदेचे पहिले अधिवेशन जानेवारी १९१४ मध्ये कोलकात्यात झाले. सर आशुतोष मुखर्जी अध्यक्ष होते. १०५ वैज्ञानिक जमले आणि ३५ निबंध वाचले गेले. आकड्यांवरूनच दिसते, की तेथे प्रत्येकाचे म्हणणे ऐकून घेता येण्याजोगी सभा होती. पुढे ही परिषद प्रचंड वाढली. जानेवारी २०२३ मध्ये नागपूर येथे तिचे १०८ वे अधिवेशन झाले. जानेवारी २०२४ चे अधिवेशन मात्र होऊ शकले नाही. वय आणि आकार यांनी संस्था टिकत नाही. तरुण मनाला तेथून काय मिळते, यावर ती टिकते.

एकाच सभेतील दोन दिवस

नवोदिताशी सभा कशी वागते याने काय घडते, हे पाहण्यासाठी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीतील दोन प्रसंग पुरेसे आहेत.

जानेवारी १९३५ मध्ये चोवीस वर्षांचे सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी तेथे आपले संशोधन मांडले. श्वेत बटू ताऱ्याच्या वस्तुमानाला एक मर्यादा असते, ती ओलांडणारा तारा शांतपणे विझू शकत नाही, असे त्यांचे गणित सांगत होते. त्यांच्यानंतर लगेच सर आर्थर एडिंग्टन उभे राहिले. त्या काळातील हे सर्वांत वजनदार नाव. त्यांनी त्या निष्कर्षाची भर सभेत खिल्ली उडवली. सभागृह हसले. चंद्रशेखरांना उत्तर देण्याची संधी मिळाली नाही. कित्येक नामवंत भौतिकशास्त्रज्ञांना चंद्रशेखरांचेच बरोबर वाटत होते. पण ते खाजगीत. जाहीरपणे कोणी बोलले नाही. चंद्रशेखरांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९८३ मध्ये. मधल्या काळात त्यांनी हा विषय बाजूला ठेवून दुसरीकडे काम केले. तेही थोर झाले. पण कोलमडणाऱ्या ताऱ्यांचे शास्त्र काही दशके मागे पडले, ही किंमत संपूर्ण विज्ञानाने मोजली.

दुसरा प्रसंग १९६१ चा. स्थिर विश्वाच्या सिद्धान्तावर मार्टिन राईल यांनी रेडिओ निरीक्षणांच्या आधारे हल्ला चढवला होता. त्याला उत्तर देण्याचे काम फ्रेड हॉईल यांनी आपल्या संशोधक विद्यार्थ्यावर सोपवले. तो विद्यार्थी म्हणजे कोल्हापुरात जन्मलेले, तेव्हा अवघ्या बावीस वर्षांचे जयंत नारळीकर. ज्येष्ठांनी भरलेल्या सभेत त्यांनी आपली बाजू मांडली. पुढील निरीक्षणांचा कौल स्थिर विश्वाच्या बाजूने लागला नाही, हा भाग वेगळा. येथे महत्त्व आहे ते गुरूने टाकलेल्या विश्वासाला. सभा तीच, एका दिवशी तिने एका तरुणाला एकटे पाडले, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला उभे केले.

भारतीय शास्त्रार्थाच्या परंपरेत पूर्वपक्षाचा नियम आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडायचे, मग खंडन करायचे. हा नियम वाद टाळण्यासाठी नाही, वाद सचोटीने व्हावा यासाठी आहे. नवोदितांवर टीका जरूर व्हावी; मात्र त्यांचे म्हणणे समजून घेऊन व्हावी आणि उत्तराचा हक्क राखून व्हावी.

वाट दाखवणाऱ्या तीन खुणा

महाराष्ट्राला यासाठी दूर पाहण्याची गरज नाही. नारळीकरांच्या नेतृत्वाखाली १९८८ मध्ये पुण्यात 'आयुका' स्थापन झाली, ती मुळात विद्यापीठांतील शिक्षक-संशोधकांसाठी. लहान गावातील महाविद्यालयाचा प्राध्यापक तेथे सहयोगी म्हणून येतो, त्याच्या प्रवासाची व निवासाची सोय होते, ग्रंथालय आणि संगणक त्याला खुले असतात. कार्यशाळाही पुण्याबाहेरच्या विद्यापीठांत नेल्या जातात. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. ही रीत त्यांच्या मागे उभी आहे.

दुसरी खूण मराठी विज्ञान परिषदेची. १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या या संस्थेची वार्षिक अधिवेशने महाराष्ट्रातील निरनिराळ्या गावी आणि महाराष्ट्राबाहेरही भरत आली आहेत, आणि विज्ञानाची चर्चा तेथे मराठीत होते. इंग्रजीशिवाय विज्ञान नाही, या समजुतीला दिलेले ते कृतिरूप उत्तर आहे.

तिसरी खूण तर याच तालुक्यात आहे. खोडदची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिली. तिच्यावर निरीक्षणाची वेळ मिळवण्यासाठी जगभरचे संशोधक प्रस्ताव पाठवतात. आणि २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला त्याच खोडदला ग्रामीण भागातील शाळकरी मुले आपापली उपकरणे घेऊन विज्ञान प्रदर्शनात उभी राहतात. जगन्मान्य संशोधक आणि सातवीतला मुलगा एकाच आवारात बोलतात. परिषदेची खरी कल्पना याहून वेगळी काय असते?

तीस तबकड्यांची एक दुर्बीण

आता निसर्गाचा हिशेब. २०१९ मध्ये युरोपातील खगोल वैज्ञानिकांचे वार्षिक अधिवेशन फ्रान्समधील लियों येथे झाले. प्रवासामुळे प्रत्येक प्रतिनिधीमागे सरासरी सुमारे दीड टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला. २०२० मध्ये महामारीमुळे तेच अधिवेशन दूरस्थ पद्धतीने झाले, तेव्हा एकूण उत्सर्जन सुमारे तीन हजार पटींनी घटले. पर्जन्याच्या वेळापत्रकावर ज्यांचे भात अवलंबून आहे, त्या घाटघरसारख्या गावांना या आकड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

म्हणून सगळे पडद्यावरच उरकावे काय? तसेही नाही. व्याख्यान पडद्यावर ऐकता येते. पण चहाच्या वेळी ज्येष्ठाने खांद्यावर हात ठेवून विचारलेला प्रश्न, त्यातून जुळलेली पुढची वाट, ही पडद्यावर क्वचितच जुळते. ही भेट नवोदितालाच सर्वांत अधिक हवी असते.

उत्तर पुन्हा खोडदलाच सापडते. जीएमआरटी ही एकच प्रचंड तबकडी नाही. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. चौदा मध्यभागी आणि सोळा तीन दिशांना, सुमारे पंचवीस किलोमीटरच्या विस्तारात. प्रत्येक तबकडी आपल्या गावाच्या शिवारात उभी राहून आकाशाकडे पाहते. सगळ्यांचे संकेत तंतूंद्वारे एकत्र आणले, की एका महाकाय दुर्बिणीचे काम होते. परिषदही अशी विखुरता येईल. चार-पाच शहरांत आणि एखाद्या तालुक्याच्या गावी एकाच वेळी लोक जमावेत, आपसांत समोरासमोर बोलावेत, आणि मुख्य व्याख्याने जोडणीद्वारे सर्वांनी ऐकावीत. ऑगस्ट २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघाची महासभा आफ्रिकेत प्रथमच, केपटाऊनला भरली, तेव्हा दूरस्थ सहभागाची सोय होती. जगही त्याच दिशेने चालले आहे.

जकात अजिबात नको, असे कोणी म्हणणार नाही. वाट राखायला पैसा लागतो. पण ती मालाच्या ओझ्यावर घ्यावी, अनवाणी चालणाऱ्याकडून नव्हे. ज्येष्ठांचे आणि कंपन्यांचे शुल्क अधिक, विद्यार्थ्याचे नाममात्र. प्रवासखर्च नंतर नव्हे, आधी हातात. निवास सुट्टीत मोकळ्या असलेल्या वसतिगृहांत किंवा गावकऱ्यांच्या घरी. पंढरीच्या वाटेवर लाखो वारकऱ्यांची सोय करणाऱ्या समाजाला दोनशे प्रतिनिधी जड नाहीत. लहान मुलांना सांभाळण्याची खोली. सत्कार थोडके, फ्लेक्स आणि पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्या त्याहून थोडक्या. निबंधाचा सारांश मराठीतही. आणि प्रत्येक व्याख्यानानंतर पहिला प्रश्न विद्यार्थ्याचा, ज्येष्ठांचा त्यानंतर. यांतील बहुतेक गोष्टींना पैशापेक्षा निश्चयच अधिक लागतो.

नाणेघाटातील रांजणात आज नाणे पडत नाही. ज्या राजवंशाच्या प्रतिमा लेण्यात कोरल्या होत्या, त्याही नष्ट झाल्या. वर कोरलेली नावे तेवढी उरली. टिकले ते भिंतीवरचे अंक आणि वाटसरूला पावसात आसरा देणारे छत. परिषदा भरवणाऱ्यांनी आपल्या मागे यांतील काय उरावे, हे ठरवायचे आहे. घाटघरच्या शाळेतील एखादी मुलगी उद्या आपला निबंध घेऊन त्या घाटापर्यंत पोहोचेल, तेव्हा तिच्यासमोर आधी रांजण येऊ नये, लेणे यावे.