परत आलेले अर्ज



नांदेड-लातूरकडे एखाद्या घरी जुनी ट्रंक उघडली, तर तळाशी एक पिवळा कागद निघेल. स्वातंत्र्यसैनिकाच्या सन्मान निवृत्तिवेतनाचा अर्ज, आणि सोबत सरकारी शेरा की, आणखी पुरावा जोडून पुन्हा पाठवा.

केंद्र सरकारने ही योजना १९७२ साली सुरू केली, १९८० साली वाढवली. तुरुंगवास भोगला असेल तर तुरुंगाचा दाखला आणायचा. भूमिगत असाल तर फरारी ठरवल्याचा, डोक्यावर इनाम लावल्याचा किंवा अटकेचा हुकूम निघाल्याचा कागद दाखवायचा.

आता आपला हैद्राबादचा लढा डोळ्यांपुढे आणा. ३० जानेवारी १९४८ रोजी ज्यांनी उमरीची बँक लुटली, ते काय तिथे सही करून गेले? उदगीरजवळच्या हत्तीबेटावर ठाण मांडून बसलेल्यांची हजेरी कोणी मांडली? नाव कळू न देणे हेच तर भूमिगताचे काम! जे थोडे दप्तर होते ते उर्दूत. पुढे १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि वरच्या कचेऱ्या हैद्राबादेस राहिल्या.

लष्करातून जायबंदी होऊन आलेल्या जवानालाही अपिलांचे हेलपाटे चुकत नाहीत. पण त्याचे वैद्यकीय कागद निदान सरकारच्याच कपाटात असतात. भरतीच्या वेळी रोगाची नोंद नसेल तर तो तेव्हा धडधाकट होता असेच धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या दाव्यात सांगितले. भूमिगताचे असे कपाटच नव्हते.

म्हणून दप्तर नसेल तिथे तुरुंगवास भोगलेल्या जुन्या सैनिकाचा दाखला चालू लागला. अन् तिथेच लबाडांना फट सापडली. बीड जिल्ह्यातल्या बनावट दाव्यांचे प्रकरण २००५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे होते. त्यामुळे छाननी कडक झाली तर नवल नाही. पण याच न्यायालयाने २००१ साली, गुरदयाल सिंग यांच्या दाव्यात, फौजदारी खटल्यासारखा काटेकोर पुरावा इथे मागू नये असे बजावले होते. मला तेच रास्त वाटते. खरेखोटे गावात जाऊन विचारले असते तर लवकर कळले असते.

ती पिढी आता जवळजवळ सरली. अर्ज मात्र आहेत. कुठे राहिलो, कोणाबरोबर होतो, किती महिने घर सोडले, हे त्यात लिहिलेले असते. गुरुजी, तुमच्या गावात असा अर्ज निघाला तर मुलांकडून वहीत उतरवून घ्या. त्यातली गावे, माणसे म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून ताडून पाहा. उर्दू कागद असला तर जाणत्याकडून वाचून घ्या. मूळ कागद तेवढा घरच्यांच्या ट्रंकेत परत ठेवावा.