गिऱ्हाईक कोणाच्या वहीत?

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात शिवाजी पेठ, कोल्हापूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने मला जो विषय नेमून दिला आहे, तो ऐकून सभेतील काही वडीलधाऱ्या मंडळींना वाटले असेल की, हा विषय कॉलेजातल्या मुलांचा; चामडे कमावणाऱ्याने आणि चपला शिवणाऱ्याने त्यात डोके का घालावे? माझे म्हणणे नेमके उलटे आहे. इंटरनेटवरील मोठ्या बाजारपेठेत माल ठेवावा की स्वतःचे लहानसे संकेतस्थळ काढून तेथे विकावा, हा प्रश्न यंत्राचा नाही, धंद्याचा आहे. आणि धंद्याच्या या प्रश्नाशी आपल्या समाजाची ओळख फार जुनी आहे.

बलुतेदारीच्या काळी आपला कारागीर गावातील प्रत्येक घर ओळखत असे. कोणाचा पाय रुंद, कोणाची टाच आधी झिजते, हे त्यास तोंडपाठ असे. मोबदला मात्र सुगीच्या खळ्यावर दुसऱ्याच्या मर्जीने मिळे. पुढे शहरे वाढली, पैसा रोख झाला आणि व्यापारी मध्ये आला. त्याने आगाऊ रक्कम दिली, चामडे दिले आणि तयार माल नेला. कारागिरास रोजचे काम मिळाले, परंतु जोडी कोणाच्या पायात गेली हे कळण्याचा मार्ग बंद झाला. आता तिसरा काळ आला आहे. फ्लिपकार्ट २००७ साली बंगळुरात पुस्तके विकण्यापासून सुरू झाली. अॅमेझॉनने २०१३ साली आपल्या देशात दुकान मांडले. मीशो २०१५ ची. या तिन्ही ठिकाणी कोल्हापुरी चपला मिळतात. प्रश्न तोच राहतो: घालणारा आणि शिवणारा यांच्या मध्ये कोण उभा आहे, आणि गिऱ्हाइकाचे नाव कोणाच्या वहीत लिहिले जाते?

कोल्हापूरच्या माणसास ही व्यवस्था समजावून सांगण्यास गुळाचे उदाहरण पुरे. शाहूपुरीच्या पेठेत शेतकरी गुळाच्या ढेपा घेऊन येई, अडत्याच्या दुकानी सौदा निघे, अडत, हमाली, तोलाई कापून उरलेली पट्टी त्याच्या हाती पडे. अडत्या लबाडच असतो असे नाही. चार गावांचे खरेदीदार एका जागी आणणे हीही एक सेवाच आहे. ऑनलाइन बाजारपेठ ही अशीच अडत आहे. परदेशी भांडवल असलेल्या कंपनीने अशा ठिकाणी स्वतःचा माल विकू नये, केवळ विक्रेता व ग्राहक यांची गाठ घालून द्यावी, असा आपल्या सरकारचा दंडकच आहे. फरक एवढाच की, गुळाच्या सौद्यात शेतकरी समोर उभा असतो आणि खरेदीदाराचे तोंड पाहतो. येथे तेही नाही.

आता थोडा हिशेब मांडू. आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत. बाजारपेठांचे दर मालाप्रमाणे व किमतीप्रमाणे बदलतात, काही ठिकाणी कमिशन शून्यही असते, तेव्हा ज्याने त्याने आपले आकडे घालून पाहावे. समजा, एक जोडी १२०० रुपयांस विकली. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या पादत्राणांवर पाच टक्के जीएसटी आहे. तो वजा जाता ११४३ रुपये राहतात. बाजारपेठेचे कमिशन १८०, ठरावीक शुल्क ३० आणि वाहतूक ७० धरली, तर उरले ८६३. पाच जोड्यांतील एक परत आली, तर तिच्या जाण्यायेण्याचा खर्च उरलेल्या चार जोड्यांवर पडतो. तो ३५ रुपये धरा. हाती येतात ८२८.

हीच जोडी स्वतःच्या संकेतस्थळावरून गेली, तर पैसे घेण्याच्या सोयीचे सुमारे दोन टक्के म्हणजे २४ रुपये आणि कुरिअरचे ९० जातील. लहान दुकानदारास कुरिअर स्वस्त दर देत नाही, म्हणून परतीचा बोजाही ४५ धरू. उरतात ९८४. हे ऐकून पुष्कळांचे चेहरे खुलले, परंतु थांबा. गिऱ्हाईक तेथे आले कसे? जाहिरातीस एका गिऱ्हाइकामागे ३०० रुपये लागले, तर हाती ६८४ च येतात, म्हणजे बाजारपेठेपेक्षा दीडशे रुपये कमी. मग त्याच गिऱ्हाइकाने भावासाठी दुसरी जोडी मागवली. आता जाहिरात नाही; ९८४ पूर्ण मिळाले. दोन जोड्यांची बेरीज १६६८, बाजारपेठेची १६५६. जेमतेम बरोबरी झाली. तिसऱ्या जोडीला मात्र १६८ रुपये पुढे गेलो. म्हणजे पहिले गिऱ्हाईक बाजारात स्वस्त पडते आणि जुने गिऱ्हाईक आपल्या दारात. ज्यास जुने गिऱ्हाईक टिकवायचे नाही, त्याने संकेतस्थळाच्या भानगडीत पडूच नये.

आपला माल मात्र असा आहे की, जुने गिऱ्हाईक हेच त्याचे धन. चांगली कोल्हापुरी वर्षानुवर्षे टिकते, म्हणून एकच माणूस वारंवार येत नाही हे खरे. पण त्याच्यामागून त्याचे घर येते, लग्नकार्य येते, परदेशी असलेली मुलगी येते.

परत येणाऱ्या मालाविषयी थोडे विस्ताराने बोलतो, कारण खरे नुकसान तेथेच आहे. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेले चामडे प्रथम कडक असते. नवी चप्पल आवळते. तेल मुरवून चार दिवस घरात वापरली की ती पायाचा आकार घेते. हे ज्यास ठाऊक नाही, असा दिल्लीचा किंवा गुवाहाटीचा ग्राहक पहिल्याच दिवशी ‘माप चुकले’ म्हणून जोडी परत धाडतो. कारखान्यातील बुटांचे आकडे हातशिलाईच्या चपलेस तंतोतंत लागू पडत नाहीत. पूर्वी आपण कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने रेघ ओढून घेत असू. बाजारपेठेच्या पानावर ही गोष्ट नीट सांगण्यास जागा नाही; तेथे ठरलेले रकाने भरावयाचे असतात. स्वतःच्या संकेतस्थळावर मात्र सांगता येते की, कागदावर पाय ठेवा, रेघ ओढा, छायाचित्र पाठवा. तेल कसे लावावे, पावसात काय करू नये, हेही लिहिता येते. त्या रेघेचा कागद जपून ठेवला, तर दहा वर्षांनीही त्या पायाची जोडी बेतता येईल. माझ्या मते या दोन मार्गांतील खरा फरक कमिशनाचा नाही, या कागदाचा आहे.

बाजारपेठेत ग्राहकाची सर्व माहिती पेठेच्या मालकाकडे राहते. कोणत्या रंगाची जोडी कोणत्या शहरात खपते, कोणत्या किमतीस मागणी थांबते, हे त्यास कळते. आपणास कळते केवळ आपल्यापुरते. ही शंका केवळ आपलीच नाही. विक्रेत्यांच्या खाजगी माहितीचा अॅमेझॉन स्वतःच्या व्यापारासाठी उपयोग करते काय, याची चौकशी युरोपीय आयोगाने २०१९ साली आरंभिली, आणि तसा उपयोग करणार नाही अशी कंपनीची हमी डिसेंबर २०२२ मध्ये बंधनकारक करून घेतली. युरोपच्या व्यापाऱ्यास ज्या गोष्टीची धास्ती वाटली, तिची आपणास वाटू नये काय?

दुसरा उपद्रव नकलेचा. ‘कोल्हापुरी’ असा शब्द घालून शोधावे तर रेक्झिनच्या, यंत्रावर ठोकलेल्या चपलाही त्याच रांगेत दिसतात, आणि किमतीने त्या नेहमीच खाली. २०१९ साली कोल्हापुरी चपलेस भौगोलिक निर्देशांक मिळाला. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा तो संयुक्त हक्क आहे. परंतु हक्क कागदावर असून भागत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून प्रत्येक कारागिरास आपले नाव नोंदवावे लागते. त्याचे शुल्क नाममात्र आहे. आपल्यापैकी किती जणांनी ते केले आहे, याचे उत्तर ज्याचे त्याने मनात द्यावे.

जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन कंपनीने आपल्या घाटाच्या चपला मांडल्या आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही, तेव्हा आपल्याकडे मोठा गहजब झाला. मग कंपनीने या कलेचा उगम मान्य केला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. हे चांगलेच झाले. परंतु ज्या दिवसांत देशोदेशींचे लोक ‘कोल्हापुरी’ म्हणजे काय हे शोधत होते, त्या दिवसांत शोधणाऱ्यास शिवणाऱ्याच्या दारी आणून सोडील असा पत्ता आपल्यापैकी फारच थोड्यांकडे होता. वर्तमानपत्रांस मुलाखती देण्यात आपण मागे राहिलो नाही, इतके म्हणून तो विषय सोडतो.

यावर कोणी म्हणेल, दार उघडले तरी गर्दी कोठून आणावी? हा आक्षेप रास्त आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या आधाराने गंगाराम कांबळे यांनी येथेच, कोल्हापुरात, चहाचे हॉटेल काढले, ही गोष्ट आपण सर्व जाणतो. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा घेण्यास त्या काळी कोण येणार? महाराज स्वतः तेथे गेले, चहा घेतला आणि बरोबरच्या मंडळींसही घ्यावयास लावला. केवळ दुकान काढून देऊन महाराज थांबले नाहीत, त्यांनी गिऱ्हाईकही दारापर्यंत आणले. संकेतस्थळ उभारून देऊ म्हणणारे आज गल्लोगल्ली भेटतात; गिऱ्हाईक आणून देऊ असे म्हणणारा त्यांत विरळा.

म्हणून बाजारपेठेवर बहिष्कार घाला असे मी सुचवीत नाही. तेथे जत्रेतल्या पालासारखे जावे. दोन-तीन निवडक प्रकार ठेवावेत. कापशी किंवा कुरुंदवाडीची आपली खास जोडी तेथे स्वस्तात काढू नये. उलाढाल मर्यादेच्या आत असलेल्या लहान विक्रेत्यास आपल्याच राज्यात अशा पेठेतून विकण्यास १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. परराज्यांत माल पाठवावयाचा असेल तर आधी कर-सल्लागारास विचारावे. तेथील ग्राहकास चिठ्ठ्या घालून आपल्याकडे वळवणे पेठांच्या नियमांत बसत नाही, आणि तसे करू नये. खाते बंद झाले म्हणजे अडकलेल्या पैशांसाठी हेलपाटे घालावे लागतात. परंतु तळावर आपल्या नावाचा ठसा उमटवण्यास कोणाची हरकत नाही. ठसा असलेली चप्पल ज्याच्या पायात आहे, तो उद्या त्या नावाने शोधील. तेव्हा त्या नावाचे दार उघडे असले पाहिजे.

व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम यांवर पुष्कळ तरुण मंडळी विक्री करतात, ती स्तुत्य आहे. मात्र तीही जागा परक्याचीच. स्वतःच्या नावाच्या पत्त्यास वर्षाला हजार रुपयांच्या आसपास भाडे पडते. तो पत्ता घेताना एक खबरदारी अवश्य घ्या: नोंदणी स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या ईमेलवर करा. करून देणाऱ्याने स्वतःच्या नावावर केली आणि पुढे त्याचे-आपले फाटले, तर घराची सनद दुसऱ्याच्या पेटीत राहिल्यासारखे होते.

हे सर्व काम संभाळणार कोण, हा प्रश्न भगिनींकडे पाहून विचारतो. आपल्या घरांत चपलेची वेणी बहुधा बायकाच विणतात आणि नाव मात्र दुकानावर पुरुषाचे लागते. वही, पत्रव्यवहार आणि मापाचे कागद ही जबाबदारी शिकलेल्या मुलींनी घ्यावी, आणि तिचा वेगळा मोबदला घरच्या हिशेबात मांडला जावा. फुकटच्या कामाची कोणी कदर करत नाही.

मंडळासमोर मी दोन सूचना ठेवल्या आहेत. पाय रेखण्याचा एकच नमुना-कागद मराठी, हिंदी, कन्नड आणि इंग्रजीत छापून घ्यावा, म्हणजे प्रत्येकाने वेगळा खर्च करावयास नको. आणि समाजातील ज्या कारागिरांचा स्वतःचा पत्ता आहे, त्यांची एक यादी मंडळाने आपल्या नावे प्रसिद्ध करावी, त्यात भौगोलिक निर्देशांकाची नोंद असणाऱ्यांस प्रथम स्थान द्यावे. नोंदणीचे अर्ज भरण्यास मदत हवी असेल, त्यांनी सभागृहाच्या दारापाशी ठेवलेल्या वहीत नाव आणि गाव लिहून जावे. अर्ज भरण्यासाठी आपल्या वसतिगृहाचे दोन विद्यार्थी पुढील चार रविवार सकाळी येथेच बसणार आहेत.